स्क्रीन ‘नाही’ म्हणते, पण ‘का नाही’ ते कोण सांगणार?



आज कपाशीवरच्या फवारणीचं किंवा सोयाबीन पिवळं पडण्याचं लिहिणार नाही. आज मोबाईलमधल्या ॲपवर लिहायचंय, कारण शेतातलं निम्मं काम आता तिथंच अडतंय. पोस्ट लांब आहे, पण शेवटपर्यंत वाचा. कृषी खात्यातले, महसूलमधले आणि ॲप बनवणारे जे कोणी हे पेज बघतात त्यांनी तर वाचाच.

माझं म्हणणं एका ओळीत सांगतो. ज्या स्क्रीननं शेतकऱ्याला अडवलं, त्याच स्क्रीननं ‘का अडवलं आणि आता काय करायचं’ हे साध्या मराठीत सांगितलं पाहिजे. त्यासाठी वेगळा व्हिडिओ बघायला लावू नका, पीडीएफ वाचायला लावू नका, हेल्पलाईनला फोन करायला लावू नका. जिथं अडवलं तिथंच सांगा.

आता हे एवढं मोठं का वाटतंय ते बघा. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. आपला पेरा आपणच नोंदवायचा, बांधावर जाऊन फोटो काढायचा आणि ती नोंद सातबाऱ्यातल्या गाव नमुना बाराला चढायची. कल्पना चांगलीच आहे, मी तिच्या बाजूनं आहे. आधी कित्येक गावांत चावडीत बसूनच पेरा लिहिला जायचा. शेतात बाजरी आणि कागदावर कपाशी असा प्रकार आपण सगळ्यांनी पाहिलाय.

पण हळूहळू त्या नोंदीवर पैसा बांधला गेला. खरीप २०२३ च्या कापूस-सोयाबीनला सरकारनं हेक्टरी ५,००० रुपये, दोन हेक्टरपर्यंत, देऊ केले, तेव्हा ई-पीक पाहणीची नोंद ही अट होती. ज्यांनी पेरलं होतं पण ज्यांची ॲपमधली नोंद नव्हती ते यादीत नव्हते. ओरड झाली, मग सातबाऱ्यावर पिकाची नोंद असलेल्यांनाही घ्यायचं ठरलं. हमीभावाच्या केंद्रावर सोयाबीन घालायचं तर सातबाऱ्यावर पीक दिसावं लागतं. अतिवृष्टीच्या मदतीत, पीकविम्यात पण तीच नोंद बघतात. म्हणजे मोबाईलवर एक बटण दाबलं गेलं की नाही यावर घरातलं वर्षाचं गणित उभं आहे. मग ते बटण दाबलं गेलं का, आणि नसेल तर का नाही, हे त्या मोबाईलनं मला सांगायला नको का?

ॲप आपल्याला तीन जागी गप्प बसून मारतं. एकेक घेतो.

१) शब्द

पिकाचा प्रकार निवडायचा असतो. तिथं लिहिलेलं असतं ‘निर्भेळ पीक’. आपल्याकडं कोण म्हणतं निर्भेळ? निर्भेळ दूध असतं, नाहीतर तूप. पिकाला आपण ‘सलग’ म्हणतो. सलग कपाशी, सलग सोयाबीन. पासवर्डला ‘संकेतांक’. सॉफ्टवेअरला सरकारी कागदात ‘आज्ञावली’. हा शब्द मात्र अगदी बरोबर आहे, कारण तिथं आज्ञाच चालते, समजावून कोणी सांगत नाही.

मग येतं क्षेत्र. सातबारा हेक्टर-आर मध्ये. आपलं डोकं चालतं एकर-गुंठ्यात. चाळीस गुंठ्यांचा एकर, आणि ०.८० हेक्टर म्हणजे जवळपास दोन एकर, हे सगळ्यांना तोंडपाठ नसतं. रकान्याच्या खाली एक ओळ यावी, ‘०.८० हेक्टर म्हणजे सुमारे २ एकर’. हिशोब मशीनच करणार आहे, त्याला काय कष्ट पडतात? कपाशीत तुरीच्या ओळी असतील तर क्षेत्र दोघांत कसं वाटायचं? आपल्या जिल्ह्यात निम्म्याहून जास्त बांधांवर हा प्रश्न पडतो. रकाना असतो, पण तो भरायचा कसा हे तिथं लिहिलेलं नसतं.

२) नकार

मागं एका ॲपवर (नाव घेत नाही) क्षेत्राचा आकडा टाकला की ‘अवैध नोंद’ एवढंच यायचं. अवैध म्हणजे बेकायदेशीर. माझंच रान, माझंच पीक, आणि मीच बेकायदेशीर! अर्धा तास उन्हात उभा. शेवटी शेजारच्या बारावीतल्या पोरानं शोधलं की माझ्या मोबाईलचा कीबोर्ड मराठी होता आणि ॲपला आकडे इंग्रजीतले पाहिजे होते. मराठी शेतकऱ्यासाठी मराठीत केलेलं ॲप, आणि मराठी आकडा त्याला बेकायदेशीर. असू द्या, नसेल घेत मराठी आकडे. पण ‘आकडे इंग्रजीत टाका’ हे तीन शब्द त्या ‘अवैध’च्या जागी बसले असते की नाही?

‘सर्व्हर त्रुटी’, ‘काहीतरी चुकलं’, ‘पुन्हा प्रयत्न करा’ हे पण तसलंच. कोणाचं चुकलं? माझं का तुमचं? सर्व्हर बंद असेल तर मी बांधावर उभं राहून काय करू? घरी जातो, रात्री करतो. पण माझ्या नावाच्या स्पेलिंगमध्ये घोळ असेल तर शंभर वेळा प्रयत्न करून पण उपयोग नाही, तलाठ्याकडंच जावं लागेल. (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं.) दोन्हीला एकच संदेश दाखवला तर माणूस कुठं जाईल? डॉक्टरनं तापाला आणि मोडलेल्या हाताला ‘तब्येत बरी नाही’ एवढंच सांगून परत पाठवावं, असा हा प्रकार.

३) नोंद केल्यानंतर

हे सगळ्यात घातक. रेंज नसली की बऱ्याच ॲपमध्ये भरलेली माहिती मोबाईलमध्येच थांबते, नंतर रेंजमध्ये येऊन पुढं पाठवावी लागते. माणसाला वाटतं झालं काम. स्क्रीनवर हिरवी खूण दिसली, तो खिशात मोबाईल घालून औताकडं गेला. तीन महिन्यांनी खरेदी केंद्रावर कळतं की सातबारा कोरा आहे. पाटोदा-आष्टीच्या डोंगरपट्ट्यात, बालाघाटाच्या दऱ्यात रेंजचं काय आहे ते मी सांगायला नको.

आता तुम्ही म्हणाल, हे कसं दाखवायचं? अहो, आमची म्हातारी माणसं सुद्धा व्हाट्सॲपवर बरोबर ओळखतात. एक खूण म्हणजे गेलं, दोन खुणा म्हणजे पोचलं, निळ्या झाल्या म्हणजे वाचलं. कोणी त्यांचं ट्रेनिंग घेतलं होतं? तसंच पिकाच्या नोंदीला करा. ‘मोबाईलमध्ये आहे’, ‘सरकारकडं पोचली’, ‘तपासली’, ‘सातबाऱ्यावर चढली’. चार पायऱ्या, चार खुणा. एवढं केलं तरी अर्धी भांडणं मिटतील.

म्हणून ‘शेतकरी अडाणी आहे, त्याला ॲप जमत नाही’ हे बोलणं मी ऐकून घेणार नाही. हाच शेतकरी यूट्यूब बघतो, फोनपेवर बियाण्याचे पैसे देतो. चहाच्या टपरीवर डबी बोलते, ‘पन्नास रुपये प्राप्त झाले’. टपरीवाल्याला चष्मा लागत नाही, मोबाईल बघावा लागत नाही. काम झालं की मशीन सांगतं. जिथं कंपनीला गिऱ्हाईक पळून जायची भीती आहे तिथं स्क्रीन आपोआप समजते. जिथं आपल्याला दुसरीकडं जायची सोयच नाही तिथं समजत नाही. फरक आपल्या शिक्षणात नाही, त्यांच्या गरजेत आहे.

आणि अडाणी म्हणायचंच असेल तर जरा मागं जाऊ. १९५१-५२ ला देशाची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली तेव्हा शंभरात जेमतेम अठरा लोकांना लिहिता-वाचता येत होतं. तेव्हा कोणी म्हणलं नाही की आधी सगळ्यांना शिकवू, मग मतदान घेऊ. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी ठेवली, पेटीवर चिन्ह लावलं. चिन्ह बघा, त्या पेटीत मत टाका. कोट्यवधी लोकांनी बरोबर टाकलं. आज मतदान यंत्राला व्हीव्हीपॅट लावलंय. बटण दाबलं की सात सेकंद चिठ्ठी दिसते, मत कोणाला गेलं ते आपल्या डोळ्यांनी बघता येतं, वरून आवाज पण येतो. मताला जी खात्री देता, ती पिकाला का देत नाही?

आपल्या घरातलं उदाहरण घ्या. औषधाच्या डब्यावर रंगाचा त्रिकोण असतो. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. १९७१ च्या कीटकनाशक नियमांपासून हे आहे. लाल दिसला की मजूर पण सांभाळून हात लावतो. आतली घडीची चिठ्ठी बारीक अक्षरात, ती कोण वाचतंय? जीव वाचवायचं काम डब्यावरचा रंग करतो, कारण हात जिथं लागतो तिथंच तो छापलाय. कृषी अधिकारी साहेब, तुम्हीच आम्हाला हे रंग शिकवले. तेच तत्त्व ॲपला लावा, एवढंच मागतोय.

आता ‘मदत’ बटणाचं. २०२२ मध्ये ई-पीक पाहणीचं सुधारित ॲप आलं. त्यात चांगल्या गोष्टी झाल्या हे मान्य करायला पाहिजे. फोटो काढताना आपण गटाच्या मध्यापासून किती लांब आहोत ते दिसायला लागलं. मुख्य पिकाबरोबर तीन दुय्यम पिकं टाकता यायला लागली. नोंद चुकली तर ४८ तासांत एकदा दुरुस्तीची सोय झाली. आणि नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं देणारं ‘मदत’ बटण आलं. पहिल्या तीन गोष्टींचं कौतुकच आहे. अंतर दिसणं म्हणजे स्क्रीन स्वतः बोलली. ‘तू लांब आहेस, जवळ जा’ हे आकड्यात कळलं, कोणाला विचारावं लागलं नाही.

पण मदत बटणाबद्दल माझं वेगळं मत आहे. मदत म्हणून प्रश्नांची यादी दिली की माणसानं आपला प्रश्न आधी ओळखायचा, मग त्या यादीत शोधायचा, मग परत येऊन जिथं अडलं तिथं पोचायचं. ज्याला आपलं काय अडलंय हेच कळेना तो यादीत काय शोधणार? मदत बटण असू द्या, पण ते शेवटचा उपाय म्हणून. पुण्यात सॉफ्टवेअरच्या कंपनीत असलेल्या आमच्या भाच्यानं सांगितलं की याकोब नीलसन नावाच्या माणसानं १९९४ मध्येच यावर दहा नियम लिहून ठेवलेत. चूक झाली तर साध्या भाषेत सांगा, नेमकं काय अडलं ते सांगा, आणि पुढं काय करायचं ते सुचवा, हा त्यातलाच एक. म्हणजे ही माझ्या डोक्यातली नवी कल्पना नाही. ॲप बनवणाऱ्या पोरांनी हे कॉलेजात वाचलेलं असतं. बांधावर पोचेपर्यंत ते कुठं गळून जातं, देव जाणे.

सरकारला हे जमत नाही असंही नाही. २०२० मध्ये सातबाऱ्याचा नमुना बदलला, आठवतंय का? आधी कंसात आणि खाडाखोडीत जुनं-नवं कळत नव्हतं. आता कमी झालेल्या नोंदीवर आडवी रेघ दिसते, खातेदारांच्या मध्ये ठळक रेघ आहे, लागवडीचं आणि पोटखराब क्षेत्र मिळून बेरीज दिसते, प्रलंबित फेरफार असेल तर तसं लिहून येतं. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे बिनशेती झालेल्या जमिनीच्या उताऱ्यावर खाली सूचना येते की हे क्षेत्र अकृषक झाल्यामुळं नमुना बाराची आवश्यकता नाही. बघा, एक गोष्ट तिथं नाही, आणि ती का नाही हे त्याच कागदावर सांगितलंय. याच महसूल खात्यानं केलंय हे. कागदाला जमलं ते स्क्रीनला का जमू नये?

आता कायद्याचं बोलू. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ चा. त्यात अधिसूचित सेवेसाठी अर्ज केला आणि अधिकाऱ्यानं तो फेटाळला तर त्याला कारण लेखी नोंदवून अर्जदाराला कळवावं लागतं. साहेबाला ‘नाही’ एवढंच म्हणून चालत नाही. मग साहेबाच्या जागी मशीन बसवलं की कारण द्यायची जबाबदारी संपली का? खरं तर मशीनला जास्त सोपं आहे. त्यानं कोणत्या अटीवर नकार दिला हे त्याच्या आतच लिहिलेलं असतं. त्याला ते माहीत असतं, फक्त आपल्याला सांगत नाही.

यावर एक उत्तर नेहमी येतं. ‘सगळं फोडून सांगितलं तर बोगस लोक फायदा घेतील.’ बीड जिल्ह्याचं नाव बोगस पीकविम्यात गाजलं, त्यामुळं आपल्याला हे खाली मान घालून ऐकावं लागतं. पण नीट विचार करा. ज्यानं दुसऱ्याच्या किंवा सरकारी जमिनीवर विमा भरला, त्याला ॲपची प्रत्येक अट, प्रत्येक पळवाट माहीत होती. तो ‘अवैध नोंद’ बघून उन्हात उभा नव्हता. अडाणी ॲप चोराला अडवत नाही. ते अडवतं त्याला, ज्याचं रान खरं आहे, पीक खरं आहे, आणि ओळखीचा एजंट नाही.

आणि एजंट येतो कुठून? न समजणाऱ्या स्क्रीनमधूनच. ज्याला कळालं नाही तो बाजारच्या गावी जातो, आधार देतो, मोबाईल हातात देतो, ओटीपी सांगतो, बँकेचं पासबुक दाखवतो. वर पैसे देतो. मोफतच्या योजनेला पैसे. ते पोरगं प्रामाणिक असेल तर ठीक, नसेल तर तुमच्या नावावर काय काय भरलं जातंय ते तुम्हाला कळणार नाही. म्हणजे बोगसपणा थांबवायचाच असेल तर शेतकऱ्याच्या हातात त्याचं काम राहिलं पाहिजे, आणि ते राहायचं तर स्क्रीन त्याला समजली पाहिजे.

आपल्या जिल्ह्यात तर हे दुप्पट खरं आहे. दसरा-दिवाळी झाली की लाखो माणसं कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. रब्बीची पीक पाहणी येते तेव्हा घरात कोण असतं? म्हातारी आई, म्हातारा बाप आणि शाळेतली लेकरं. ज्वारी, हरभरा उभा असतो, त्याचा फोटो रानात उभं राहूनच काढायचा असतो. नावावर शेत असलेला माणूस उसाच्या फडात, ओटीपी त्याच्या मोबाईलवर, आणि फोटो काढणारी सत्तर वर्षांची आई बांधावर. तिच्या हातात लेकानं टाकलेला जुना, काचेला तडा गेलेला मोबाईल. ॲप बनवताना डोळ्यापुढं ही बाई ठेवा. तिला समजलं तर सगळ्यांना समजेल.

म्हणून माझ्या पाच मागण्या आहेत. यातल्या एकीला पण नवा कायदा किंवा मोठा निधी लागत नाही.

१. प्रत्येक नकारासोबत तीन ओळी याव्यात: काय अडलं, कोणाकडून अडलं (माझ्याकडून, सर्व्हरकडून की रेकॉर्डमधून), आणि आता काय करायचं. तलाठ्याकडं जायचं असेल तर कोणता कागद घेऊन जायचा ते पण.

२. शब्द बांधावरचे वापरा. निर्भेळच्या शेजारी ‘सलग’ लिहा. हेक्टरच्या शेजारी एकर-गुंठे दाखवा. मराठी आकडे चालवून घ्या.

३. नोंद कुठंपर्यंत पोचली ते खुणांनी दाखवा, आणि सातबाऱ्यावर चढली की मेसेज पाठवा. चढली नाही तरी मेसेज पाठवा, आणि तो मुदत संपायच्या आत. नंतर कळून काय उपयोग?

४. प्रत्येक स्क्रीनवर स्पीकरचं चित्र द्या. दाबलं की तिथं जे लिहिलंय ते मराठीत बोलून दाखवावं. टपरीवरच्या डबीला जमतंय.

५. ॲप बाहेर काढायच्या आधी बनवणाऱ्यांनी इथं यावं. गेवराईचा एक, शिरूर कासारचा एक, धारूरचा एक, असे पाच-सात शेतकरी घ्या, त्यात दोन बाया पाहिजेतच. मोबाईल हातात द्या आणि तुम्ही तोंड बंद ठेवून मागं उभे राहा. कुठं बोट थांबतंय ते बघा. जिथं थांबलं ती तुमची चूक, त्यांची नाही. चहा मी पाजतो.

कृषी सहायकांना आणि कृषी विज्ञान केंद्रातल्या मंडळींना एक विनंती. तुमच्यावर पण या ॲपचा ताण आहे, दिवसभर फोन तुम्हालाच येतात. दरवेळी ‘मी करून देतो’ म्हणता, ही तुमची माणुसकी आहे. पण तुम्ही करून दिलं की वर असं दिसतं की सगळं सुरळीत चाललंय. करून द्याच, पण अडलेल्या स्क्रीनचा फोटो पण काढून ठेवा आणि महिन्याच्या बैठकीत वर पाठवा. ‘शेतकऱ्यांना प्रशिक्षणाची गरज आहे’ असा शेरा मारून विषय बंद करू नका. प्रशिक्षणाची गरज कोणाला आहे ते त्या फोटोंवरून वरच्यांनाच ठरवू द्या.

आणि शेतकरी मित्रांनो, तुम्ही पण स्क्रीनशॉट घ्यायला शिका. पॉवरचं आणि आवाज कमी करायचं बटण एकदम दाबलं की बहुतेक मोबाईलमध्ये निघतो. वेळ त्यात दिसते, तारीख फोटोच्या माहितीत राहते. मुदतीच्या आत आपण प्रयत्न केला होता याचा तोच पुरावा. कुठं अडलात, कोणता शब्द आला, ते खाली लिहा. फोटो टाकताना आधार नंबर, मोबाईल नंबर आणि गट नंबर झाकून टाका, विसरू नका. पन्नास-शंभर जमले की छापून तहसीलला निवेदनासोबत देऊ.

यंदाची मुदत संपायच्या आत आपापली पाहणी करून घ्या, आणि केल्यावर आठ दिवसांनी सातबारा उघडून नमुना बारा स्वतःच्या डोळ्यांनी बघा. ॲप सांगेपर्यंत तरी ते काम आपल्यालाच करावं लागणार आहे.

पटलं तर पुढं पाठवा.